लिफ्टर बदलण्याआधी

‘टॅपेट वाजतायत’ हे निदान आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात इतक्या सहज केलं जातं, की त्यावर दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. गाडी जुनी कास्ट आयर्न बुलेट असेल तर विचारायची गरजही नसते. इंजिन थंड असताना उजव्या बाजूचं छोटं झाकण काढायचं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा आणि पातळ पान्यांनी चेक नट सैल करून टॅपेट असा लावायचा, की पुशरॉड बोटांनी विनासायास फिरेल, पण वर-खाली हलणार नाही. फीलर गेजसुद्धा लागत नाही. हात बसलेला मिस्त्री बोलता बोलता हे काम उरकतो.

हीच टकटक १९५०च्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या हार्ले-डेव्हिडसनमधून आली, की गोष्ट बदलते. तिथे पुशरॉडच्या एका टोकाला हायड्रॉलिक लिफ्टर बसलेला असतो. टॅपेट वाजू नयेत आणि ते पुन्हा पुन्हा सेट करावे लागू नयेत, याचसाठी तर त्याला तिथे बसवलेलं. तोच वाजायला लागला म्हणजे तो गेला, असं धरून मालक चार नवे लिफ्टर मागवून मोकळे होतात. जुने कचऱ्यात जातात. त्यातले बरेचसे निर्दोष असतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात टॅपेटला फट लागतेच कशाला? इंजिन तापलं की धातू वाढतात, आणि सगळे सारखे वाढत नाहीत. १०० मिलिमीटर लांबीचा अॅल्युमिनिअमचा तुकडा १०० अंश सेल्सिअसने तापला, तर साधारण ०.२३ मिलिमीटरने वाढतो. बिडाचा तेवढाच तुकडा त्याच्या निम्म्यानेच वाढतो. आकडा किरकोळ वाटेल, पण टॅपेटची फटही याच मापाची असते. फट कमी पडली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. जास्त झाली तर आवाज येतो आणि भाग एकमेकांवर आपटून झिजतात.

हार्लेच्या मोठ्या इंजिनाचं हेड १९४७पर्यंत बिडाचं होतं. त्या इंजिनाला चाहते नकलहेड म्हणतात. १९४८ साली त्याच्या जागी पॅनहेड आलं. सिलिंडर बिडाचेच राहिले, हेड मात्र अॅल्युमिनिअमचं झालं. ते उष्णता लवकर टाकतं, पण गरम झाल्यावर वाढतंही जास्त. मग ही बदलती फट सतत भरून काढणारं काहीतरी हवं होतं. मोटारींच्या दुनियेत कॅडिलॅकने १९३०च्या सोळा सिलिंडरच्या गाडीत ऑइलच्या दाबाने टॅपेटचा आवाज मारण्याची युक्ती आणली होती. हार्लेने त्याच मार्गाने जाऊन पॅनहेडला हायड्रॉलिक लिफ्टर दिले.

लिफ्टर उघडून पाहिला तर आत फारसं काही नाही. एक पोलादी नळकांडं, त्यात सरकणारा प्लंजर, त्याच्याखाली एक स्प्रिंग आणि गोटीची एकमार्गी झडप. गावातल्या हातपंपात असते तशीच, फक्त करंगळीच्या नखाहून लहान. व्हॉल्व्ह मिटलेला असताना स्प्रिंग प्लंजरला वर रेटते आणि पुशरॉडची सगळी ढिलाई खाऊन टाकते. प्लंजरखाली मोकळ्या झालेल्या जागेत गोटीवाटे ऑइल शिरतं. कॅमचा उंचवटा आला की दाबामुळे गोटी बसते, ऑइल आत कोंडलं जातं. द्रव दबत नाही, त्यामुळे त्या क्षणापुरता लिफ्टर भरीव पोलादासारखा वागतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. या दाबात प्लंजरच्या कडेने किंचित ऑइल झिरपून जातं. ते जायलाच हवं. कारण इंजिन तापून थंड होताना पुशरॉडला लागणारी जागा कमी झाली, तर लिफ्टरला आखूड होता आलं पाहिजे. हा हिशोब प्रत्येक व्हॉल्व्हसाठी दर दोन फेऱ्यांमागे एकदा होतो.

म्हणूनच प्लंजर आणि त्याचं नळकांडं ही जोडी कारखान्यात जुळवून दिलेली असते. साफ करताना चार लिफ्टरचे भाग एकाच वाटीत टाकले, की जोड्या मोडल्या. मग जे ऑइल हवं तेवढंच झिरपायचं, ते एकातून धो धो जातं आणि दुसऱ्यातून जातच नाही. चार वाट्या घ्या, वाटीवर पुढचा इनटेक, पुढचा एक्झॉस्ट असं लिहा आणि मगच हात घाला.

पॅनहेडच्या पहिल्या काही वर्षांत हार्लेने हे लिफ्टर पुशरॉडच्या वरच्या टोकाला, रॉकरपाशी ठेवले होते. कागदावर ते ठीकच दिसलं असणार. पण पंप खाली आणि लिफ्टर पार वर. क्रँक रोलर बेअरिंगवर चालणारं ते इंजिन, त्याला ऑइलचा जबरदस्त दाब मुळात लागतच नाही. आणि गरम होऊन पातळ झालेलं ऑइल वरपर्यंत पोहोचेतो जोर संपलेला. १९५३ साली कंपनीने लिफ्टर खाली, कॅमच्या लगत टॅपेटमध्ये आणले. एवढ्या एका फेरबदलात सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे. भाग तोच, काम तेच, फक्त ऑइलची वाट जवळची झाली आणि तक्रारी कमी झाल्या.

तेव्हा टकटक ऐकू आली की आधी ऑइल. टाकीत किती आहे, कोणतं आहे, कधी बदललं होतं? बरेच दिवस उभी असलेली गाडी सुरू करताना थोडा वेळ आवाज येणं हा दोष नव्हे. रिकामे झालेले लिफ्टर भरेपर्यंत तो राहणारच. इंजिन गरम झाल्यावरही राहिला तर पुढचं बघायचं. नंतरच्या पॅनहेडमध्ये आणि त्याच्या पाठोपाठ १९६६ साली आलेल्या शॉव्हलहेडमध्ये लिफ्टरकडे जाणाऱ्या ऑइलसाठी वेगळी बारीक जाळी असते. उजव्या बाजूला, मागच्या टॅपेट ब्लॉकजवळच्या एका चपट्या स्क्रूखाली ती दडलेली असते आणि तिचा मालकाला पत्ताच नसतो. ती गाळाने तुंबली तर नवे लिफ्टरही जुन्यांसारखेच वाजतील. जाळी स्वच्छ असेल, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून आवाज नेमका कुठून येतो ते ऐकावं. एक्झॉस्ट पाइपच्या तोंडाशी पॅकिंग गेलं असेल, तरी हुबेहूब टॅपेटसारखाच आवाज येतो. रॉकरची बुश झिजली असेल किंवा टॅपेटच्या टोकाच्या रोलरला खड्डे पडले असतील, तर त्यात लिफ्टरची काय चूक?

एवढं करूनही लिफ्टरच दोषी ठरला, तर तो बदलायचा. पुशरॉडवरची नळीची आवरणं एकात एक सरकतात. त्यांची क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचकटून आवरण वर सरकवायचं, पुशरॉड आखूड करून बाहेर घ्यायचा. लिफ्टरचं हायड्रॉलिक युनिट टॅपेटमधून वर उचलून येतं. रोलर तपासायचा असेल तरच टॅपेट ब्लॉक काढावा लागतो. आणि तो काढताना टॅपेट खाली निसटणार नाहीत अशी सोय आधी करावी, नाहीतर ते कॅमच्या खोलीत पडतात आणि अर्ध्या दिवसाचं काम आठवडाभराचं होतं. ब्लॉकखालचं पॅकिंग बसवताना त्यातलं ऑइलचं भोक खालच्या भोकावर आलंय ना, हे डोळ्यांनी बघा. चुकीचं पॅकिंग ती वाट बंद करतं. जुन्या इंजिनात आवरणांच्या टोकांना बुचाच्या चकत्या असतात. त्या एकदा काढल्या की नव्याच घालाव्यात.

नवा लिफ्टर ऑइलमध्ये बुडवून, प्लंजर हळूहळू दाबत-सोडत आतली हवा काढावी लागते. भरलेला लिफ्टर अंगठ्याखाली घट्ट लागतो. स्पंजासारखा दबला तर आत हवा आहे किंवा गोटी नीट बसत नाही.

आता सेटिंग. इंजिन थंडगार हवं. प्लग काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं आणि ज्या सिलिंडरवर काम आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा. म्हणजे त्याचे दोन्ही टॅपेट सर्वांत खाली असतात. पुशरॉड लांब करत न्यायचा, खडखड संपली की तिथे खुणेचा ठिपका द्यायचा आणि तिथून पुढे मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे मोजून द्यायचे. ‘चार फेरे’ हा आकडा तोंडोतोंडी फिरतो, तो डोळे मिटून घेऊ नये. पुशरॉडच्या स्क्रूला इंचाला ३२ आटे असतील, तर ४ फेरे म्हणजे एक अष्टमांश इंच, जवळजवळ ३.२ मिलिमीटर. बाजारातल्या पर्यायी पुशरॉडला बारीक आटे असतात, तिथे तेवढ्याच अंतराला फेरे जास्त लागतात. उद्देश एवढाच, की प्लंजर आपल्या प्रवासाच्या मधोमध कुठेतरी उभा राहावा. त्याला वरही जाता यावं आणि खालीही.

यानंतर थांबायचं, आणि इथेच घाई होते. पुशरॉड लांब केल्यावर भरलेल्या लिफ्टरने व्हॉल्व्ह उघडा धरलेला असतो. ऑइल झिरपून व्हॉल्व्ह बसायला वेळ लागतो. पुशरॉड बोटांनी फिरू लागला म्हणजे बसला. त्याआधी किक मारली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो, पुशरॉड वाकू शकतो. मिस्त्रीला चहा सांगायची खरी वेळ ही.

वेगाचे शौकीन या लिफ्टरवर नाराज असतात, तेही विनाकारण नाही. इंजिन मर्यादेबाहेर फिरवलं की व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो, लिफ्टर ती क्षणिक फटही इमानाने भरून काढतो आणि मग व्हॉल्व्ह मिटूच देत नाही. हार्लेनेही आपल्या चपळ स्पोर्ट्स्टरला १९५७पासून साधे टॅपेट ठेवले. हायड्रॉलिक तिथे १९८६च्या नव्या इंजिनासोबत आले.

आपल्या बुलेटचा प्रवास तर आणखी गमतीचा. २००८ नंतरच्या यूसीई नावाच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि गॅरेजातला तो टॅपेट सेटिंगचा कार्यक्रम संपला. उघडलेलं यूसीई बांधताना लिफ्टरमधलं जास्तीचं ऑइल काढलं नाही तर व्हॉल्व्ह उघडे राहून कॉम्प्रेशन मिळत नाही, हा धडा त्या पिढीच्या मिस्त्रींनी घेतला. मग २०२०च्या मीटिऑर गाडीपासून ३४९ सीसीचं नवं इंजिन आलं, कॅम हेडमध्ये गेला, पुशरॉड गेले, हायड्रॉलिकही गेले. २०२३मध्ये बुलेट ३५०लाही तेच इंजिन बसलं. तिचे टॅपेट आता पुन्हा स्क्रू आणि चेक नटनेच, फक्त या वेळी फीलर गेज लावून, सेट करावे लागतात.