आंधळा मोजणीदार

माझ्या कोरीव यंत्रावर निघालेली पहिली पितळी पाटी आरशात धरून वाचावी लागली. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. वाय अक्षाची मोटार उलटी फिरते, एवढंच मी त्याला सांगायचं विसरलो होतो. यंत्र चालवणाऱ्या जीआरबीएलच्या सेटिंगच्या यादीत $३ समोर २ लिहिलं आणि अक्षरं सरळ झाली. पितळ मात्र वाया गेलं ते गेलंच.

जीआरबीएल ही नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी २००९ साली लिहिलेली मोफत आज्ञावली. पुढे ती सॉनी जिऑन यांनी सांभाळली, वाढवली. ती चालते आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर. प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट, कामाला २ किलोबाइट. मोबाइलमधला एक फोटोसुद्धा एवढ्यात मावणार नाही. संगणकाकडून जी-कोडची, म्हणजे हालचालींच्या सूचनांची, एकेक ओळ घ्यायची, तिचे पल्स करून मोटार फिरवणाऱ्या ड्रायव्हरकडे धाडायचे, एवढंच तिचं काम. टेबल हललं की नाही, हे बघायला तिला डोळे नाहीत. ती फक्त मोजते.

म्हणून सेटिंग म्हणजे या मोजणीदाराला यंत्राची खरी मापं सांगणं. नेहमीची स्टेपर मोटार २०० स्टेपमध्ये एक फेरा घेते. ड्रायव्हरवर एक अष्टमांश मायक्रोस्टेप लावला की १६००. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ८ मिलिमीटर सरकत असेल, तर मिलिमीटरला २०० पल्स. एक्स अक्षासाठी तोच आकडा $१०० मध्ये. ड्रायव्हरचा जंपर एक षोडशांशावर राहिला आणि आकडा तोच ठेवला, की १० सेंटिमीटरची पाटी ५ सेंटिमीटरची होते.

मायक्रोस्टेप जितका बारीक तितकं चांगलं, असं नवख्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण हा बोर्ड सेकंदाला साधारण ३०,००० पल्सच देऊ शकतो. मिलिमीटरला ४०० लागले तर मिनिटाला ४,५०० मिलिमीटरपर्यंत जाता येतं. ८०० केले की २,२५०. बारकाईची किंमत वेगात मोजावी लागते.

देवनागरी कोरताना गंमत कळते. शिरोरेषेवर कटर सुसाट धावतो आणि 'ळ'च्या वळणात शिरला की रेंगाळतो. वळण म्हणजे शेकडो इवल्या रेघा. जीआरबीएल पुढच्या १६ च्या आसपास हालचाली ध्यानात ठेवते आणि तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग घेते. उतावीळ माणूस अशा वेळी $१२० मधला प्रवेग वाढवतो. फार वाढवला की मोटार स्टेप चुकवते आणि तिथून पुढचं सगळं कोरीवकाम बाजूला सरकतं.

आकड्यांनी न सुटणारी एक गोष्ट आहे: बॅकलॅश. नट सैल असेल तर दिशा बदलताना टेबल क्षणभर जागचं हलत नाही, आणि गोल 'ठ' चपटा येतो. त्याची भरपाई जीआरबीएल करत नाही. काही जण व्हर्नियरने मोजून $१०० मध्ये थोडंसं इकडेतिकडे करत बसतात. स्क्रूच्या यंत्रावर मला ते पटत नाही. नट बदलावा.

होमिंगमध्ये, म्हणजे यंत्र आपली सुरुवातीची जागा शोधतं तेव्हा, आधी झेड वर जातो, मगच एक्स-वाय हलतात. कटर पाटीवरून फरफटत जाऊ नये म्हणून. अक्षाच्या टोकाला असलेल्या लिमिट स्विचच्या तारा कटर फिरवणाऱ्या स्पिंडलच्या तारेशेजारून नेल्या तर काहीही न धडकता यंत्र अधूनमधून अलार्म देऊन थांबतं. त्यात माझा एक अख्खा रविवार गेला. आज्ञावलीला शिव्या घातल्या, दोष तारेचा होता.

एकदा खोल घासात कटर पितळात रुतला. टेबल जागच्या जागी थरथरत होतं, आणि पडद्यावर एक्सचे आकडे शांतपणे पुढे सरकत होते: ४१, ४२, ४३. त्या दिवसापासून लाल बटण मी थेट ड्रायव्हर आणि स्पिंडलच्या वीजपुरवठ्यावर बसवलं आहे, आणि ते उजव्या हाताला येईल असं.