जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी एकदा लिनक्स लावून बघा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, पण पुढे काय? नांदेड आणि लातूरचे आमचे नातेवाईक हेच विचारतात. लेकरू कॉलेजला आहे, घरात एकच जुना लॅपटॉप, आणि त्यावर विंडोज ११ चढत नाही.

आमच्या घरीही हेच झालं. लॅपटॉप २०१४ चा, रॅम ४ जीबी. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. दुकानदार म्हणाला, "नवीन घ्या, नाहीतर यातच जुगाड करून टाकून देतो, लायसनचं टेन्शन घेऊ नका." चोरीच्या कॉपीतून व्हायरस येतात, हा एक भाग. दुसरा असा की, ज्या मशीनवर अम्मीच्या बँकेचं काम होतं, त्यावर असला जुगाड आम्हाला नको होता.

लिनक्स म्हणजे काय?

लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलं. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा. पैसे लागत नाहीत आणि ही चोरीही नाही. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच पायावर उभा आहे. केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं यावरच शिकतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचं नावही 'बॉस' या भारतीय लिनक्सशी जोडलेलं आहे.

आम्ही लिनक्स मिंट निवडलं, कारण त्याचा चेहरामोहरा विंडोजसारखाच आहे. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर बरं.

आमची चूक

घाईत आम्ही "पूर्ण डिस्क पुसा" हा पर्याय निवडला. दादा-अब्बांचे हजच्या वेळचे फोटो त्यातच होते. ते आता हयात नाहीत. नशिबाने थोडे फोटो खालाच्या फोनमध्ये सापडले, बाकीचे गेले ते गेलेच. म्हणून सांगतो, आधी सगळं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, ते उघडतंय का बघा, मगच पुढे जा.

कसं करायचं?

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवा आणि रूफस किंवा एचर या फुकट प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवा. लॅपटॉप सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं) आणि पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट त्यावरूनच सुरू होतं, डिस्कला हात लागत नाही. दोन दिवस असंच वापरा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर तपासा. पटलं तरच इन्स्टॉल करा.

काय चालतं, काय अडतं?

ब्राउझर तोच असल्यामुळे स्कॉलरशिपचे फॉर्म, ऑनलाइन लेक्चर, बँकेचं काम चालतं. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस आहे. सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड जोडता येतात. नोटो नस्तालीक हा फुकट फॉन्ट टाकला की उर्दू मजकूर नस्तालीकमध्ये दिसतो. आमच्या आपाने मुलांच्या उर्दू प्रश्नपत्रिका यावरच तयार केल्या.

अडचणीही आहेत. इनपेज आणि टॅली लिनक्ससाठी बनलेले नाहीत. काही प्रिंटर त्रास देतात, काही डिजिटल सहीच्या डोंगलना ड्रायव्हर मिळत नाही. संगणकाच्या बऱ्याच क्लासमध्ये विंडोजच शिकवतात. दुकानाचा हिशोब टॅलीवर असेल तर ते मशीन बदलू नका. विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकण्याचीही सोय आहे, पण तेव्हाही बॅकअप आधी.

आमच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हापासून तो पूर्वीपेक्षा लवकर सुरू होतो. धाकटी त्यावरच बीसीएचा अभ्यास करते. सुरुवातीला तिने नाक मुरडलं, "ये क्या लगा दिया?" आता कुणी विंडोज परत टाकू का विचारलं, तर तीच नको म्हणते.