अमरत्व नको, लेकरू हवं!

लग्नपत्रिकेत मुलाच्या नावाआधी आपण हौसेनं ‘चि.’ लिहितो. चिरंजीव हो, हा आपला आवडता आशीर्वाद. पण ज्याला खरोखरच चिरंजीवपण मिळालं, तो अश्वत्थामा मात्र कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरतो, अशी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मरण नसणं हे वरदान की शाप, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गंमत म्हणजे एका जपानी सिनेमात तोच प्रश्न चक्क एक यंत्र विचारतं!

‘घोस्ट इन द शेल’ हा तो सिनेमा. मासामुने शिरो यांच्या १९८९ मध्ये सुरू झालेल्या चित्रकथेवरून मामोरू ओशी यांनी तो १९९५ मध्ये केला. कार्टून म्हटलं की मुलांना टीव्हीसमोर बसवून आपण कामाला लागतो; पण हे कार्टून मोठ्यांचं आहे हं! अशा विज्ञानकथांना ‘सायबरपंक’ म्हणतात. यंत्रं फार पुढे गेलेली, माणसाचं जगणं मात्र ओढाताणीचंच.

नायिका मोतोको कुसानागी ही २०२९ सालातली पोलीस अधिकारी. मेंदू तेवढा माणसाचा, बाकी सगळं शरीर कारखान्यात बनलेलं. ना गुडघेदुखी, ना सुरकुत्या. हेवा वाटला ना? थांबा जरा. हे शरीर तिच्या मालकीचंच नाही. नोकरी सोडायची तर तेही सरकारला परत करावं लागणार!

याच सिनेमात कचऱ्याच्या गाडीवरचा एक कामगार आहे. बायको घटस्फोट मागतेय आणि लेक दुरावलीय, म्हणून तो कासावीस झालेला. पोलीस त्याला सांगतात, तुला बायको नाही, मुलगीही नाही. कुणीतरी तुझ्या डोक्यात खोट्या आठवणी भरल्यात. लेकीचा म्हणून जपलेला फोटो तो बघतो, तर त्यात तो एकटाच. पोटात कालवतं अगदी.

हे करणारा ‘पपेट मास्टर’ माणूस नसतोच. सरकारनं हेरगिरीसाठी बनवलेला तो संगणकीय प्रोग्रॅम. त्याला स्वतःची जाणीव झालेली असते. तो स्वतःच्या हव्या तेवढ्या प्रती काढू शकतो, म्हणजे तसा अमरच. पण तो कुसानागीकडे काय मागतो? मूल आणि मरण! त्याचं म्हणणं असं, की प्रत म्हणजे झेरॉक्स. सगळ्या प्रती एकसारख्या, म्हणून एकाच व्हायरसनं सगळ्या संपतील. जे जिवंत असतं ते बदलतं, आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी मागे ठेवतं आणि जातं.

बाई गं! घराघरांतून आपण हेच तर बघतो. लेक आईची आमटी शिकते, पण तिच्या हातची चव थोडी निराळीच लागते. आईसारखी नाही झाली, म्हणून ती खट्टू होते. खरं तर त्या निराळेपणातच आई पुढे गेलेली असते.

आता हे सगळं सिनेमापुरतंही उरलेलं नाही. २०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या एका टीव्ही कार्यक्रमात एका आईला तिच्या सात वर्षांच्या, देवाघरी गेलेल्या मुलीची संगणकानं बनवलेली प्रतिमा भेटवली गेली. डोळ्यांवर यंत्र लावून ती माउली हवेत हात फिरवत लेकीला कुरवाळत होती. तिच्या वेड्या मायेला नावं ठेवायची आपली काय टाप! गेलेल्या माणसाचे मेसेज आणि आवाज वापरून त्याच्यासारखं बोलणारे प्रोग्रॅमही आता बनतात.

मोह कुणालाही होईल. पण त्याआधी दोन गोष्टी विचारून बघाव्यात. हा आवाज आपल्याबरोबर वाढणार आहे, की तिथेच थांबणार? आणि तो कुणाच्या मालकीचा? कुसानागीच्या शरीरासारखा तो कंपनीचा असेल, तर पैसे थकल्यावर आई दुसऱ्यांदा जाणार का?

म्हणून मैत्रिणींनो, आई आहे तोवर तिच्या गोडा मसाल्याचं प्रमाण विचारून घ्या. तिच्या शेजारी उभं राहून एकदा करून बघा. थोडा चुकू दे. तो तुमचा असेल.