शिक्का मारलेली पोच

बँकेत उभा जन्म गेला की माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद दिला की पोच मागायची. पण आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या बाई २०१५ साली एका सकाळी, माझ्याकडे पाठ करून, रात्री दिराने काय केलं ते सांगू लागल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘आधी सासूबाईंच्या कानावर घाला.’ ह्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा बाहेर. सासूने काय केलं असेल ते सांगायला नको. चार दिवसांनी त्या एकट्याच पोलीस ठाण्यात गेल्या. ‘घरातलं प्रकरण आहे, घरातच मिटवा,’ म्हणून हवालदाराने परत पाठवलं. वास्तविक दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावलं होतं. ठाणं ऐकत नसेल तर पोलीस अधीक्षकांना टपालाने तक्रार पाठवता येते, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही वाट आहे. आम्ही अधीक्षकांना रजिस्टर पत्र धाडलं. पोच आली, उत्तर आलं नाही.

‘मला रात्री निर्धास्त झोपायचं आहे, ताई,’ त्या म्हणाल्या. त्यांना एवढंच हवं होतं.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. वकीलबाईंनी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा पुढे केला. मी तो नवरा-बायकोपुरताच समजत होते! एका छपराखाली राहणारा दीरही त्यात येतो, लैंगिक छळही येतो, आणि अर्जासाठी एफआयआर लागत नाही. मिळणारी दाद दिवाणी स्वरूपाची: त्याला घराबाहेर काढणं, जवळ फिरकायला मनाई, नुकसानभरपाई. पुराव्याचं मापही निराळं. फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये. इथे कोणाची बाजू अधिक संभवनीय, ते पाहतात.

अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. आम्हांला अकरा महिने लागले.

मनाईचा हुकूम झाला, वर ४० हजार रुपये. पैशांचं नाव निघताच बाई आक्रसल्या. ‘लोक म्हणतील, ह्यासाठीच केलं.’ पुष्कळ जणी इथेच थांबतात. गुन्हेगार परका असला तरी भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात करता येतो, पण करतं कोण? १९९८ साली हावड्याला रेल्वेच्याच यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. हा त्या माणसांचा वैयक्तिक गुन्हा, आमचा काय संबंध, असं रेल्वेने म्हणून पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली १० लाखांची भरपाई कायम केली. मी बाईंना बँकेच्या भाषेत सांगितलं, ‘त्याचं देणं आहे, त्याच्या नावे पडलंय. तुम्ही का लाजता?’ पटलं की नाही कोण जाणे. मुलीच्या नावाने मुदत ठेव मात्र केली.

हा मनाई हुकूम मोडणं हाच गुन्हा असतो. पुढच्या गणपतीत दीर दारात येऊन उभा राहिला, तेव्हा बाई हुकमाची प्रत घेऊन त्याच ठाण्यात गेल्या. मी बाहेर बाकावर बसले होते. तासाभराने त्या आल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. शिक्का होता. तारीखही.