आज्ञा-ओळींच्या उदाहरणांची मांडणी

आज्ञा-ओळींच्या उदाहरणांची मांडणी : संगणकाला कळफलकावरून ओळीगणिक द्यावयाच्या आज्ञा पाठ्यपुस्तकांत छापण्याची संकेतबद्ध पद्धत. वाचकाने टंकावयाचा मजकूर, संगणकाचे उत्तर आणि वाचकाने स्वतःच्या गरजेनुसार बदलावयाचे शब्द हे तीन घटक वेगळे ओळखता यावेत, हे तिचे प्रयोजन होय.

यांपैकी काही संकेत बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स पुस्तिकेत (पहिली आवृत्ती १९७१) आढळतात. तीत जसेच्या तसे टंकावयाचे शब्द अधोरेखित असून ऐच्छिक भाग चौकटी कंसांत दिला आहे. पुढे अधोरेखनाची जागा ठळक टंकाने घेतली.

संगणक आज्ञेसाठी सिद्ध असल्याचे सूचक चिन्ह ओळीच्या आरंभी छापतात. युनिक्सवर्गीय प्रणालींत सामान्य वापरकर्त्यासाठी $ आणि सर्वाधिकारी प्रशासकासाठी # हे चिन्ह रूढ आहे. ते आज्ञेचा भाग नसते. नवशिक्याने # सह ओळ उतरविल्यास शेल (आज्ञांचा अर्थ लावणारी आज्ञावली) ती टीप समजून सोडून देते. लांबलेल्या आज्ञेच्या पुढील ओळीपूर्वी दिसणारे > हे चिन्ह अधिक घातक असते. आज्ञेत त्याचा अर्थ ‘उत्तर फाइलीत लिहा’ असा असल्याने ते उतरविल्यास पुढे नाव असलेल्या फाइलीतील मूळ मजकूर नष्ट होऊ शकतो.

म्हणून आज्ञा सूचक चिन्हाविना, उत्तरापासून वेगळ्या चौकटीत व समान रुंदीच्या टंकात छापणे इष्ट असते; बदलावयाचे शब्द तिरप्या टंकात देतात. सरळ अवतरणचिन्हांऐवजी शोभेची वक्र चिन्हे छापल्यास आज्ञेचा अर्थ बदलतो. फाइली पुसण्याच्या आज्ञेत तर अनवधानाने पडलेली एक मोकळी जागाही एका नावाची दोन नावे करते आणि नको ती फाइल पुसली जाते.