फोटोची मागची बाजू

जुन्या अल्बमातला फोटो उलटून पाहिला की मागे पेन्सिलीने लिहिलेले असे : 'ताईचे डोहाळजेवण, सांगली, १९५८.' एका ओळीत माणूस, प्रसंग, गाव आणि साल! हल्लीच्या फोटोंना मागची बाजूच नाही, असा पुष्कळांचा समज आहे. ती आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

मोबाइलवर फोटो काढला की तारीख, वेळ आणि मुभा दिली असल्यास ठिकाणही फाइलीतच नोंदले जाते. या नोंदीला 'एक्झिफ' म्हणतात. तिचे नियम जपानात १९९५ साली ठरले. पण यंत्राला तारीख कळते, आत्या कळत नाही! त्यासाठी निराळे रकाने आहेत. वृत्तसंस्थांच्या सोयीसाठी १९६५ साली स्थापन झालेल्या 'आयपीटीसी' या संस्थेने मथळा, स्थळ, सूचक शब्द यांची व्यवस्था लावून दिली. २००१ साली अडोबी कंपनीने आणलेल्या 'एक्सएमपी' पद्धतीत हे सारे देवनागरीतही लिहिता येते. 'डिजिकॅम'सारखा मोफत प्रोग्रॅम या कामाला पुरतो. मात्र शब्द फोटोच्या फाइलीतच लिहिले जावेत, अशी सोय त्यात आधी लावून घ्यावी. नाहीतर ते त्या प्रोग्रॅमच्या वहीतच राहतात.

पुढचा प्रांत आम्हा मराठीच्या मास्तरांचा. एका फोटोला 'दिवाळी', दुसऱ्याला 'दीपावली' आणि तिसऱ्याला 'दिपावली' लिहाल, तर शोधताना एक सापडेल नि दोन हरवतील. शुद्धलेखनाचा इतका रोकडा फायदा दुसरा नसेल! तसेच 'आई' लिहून भागत नाही; दर पिढीत आई निराळी. पूर्ण नाव लिहावे. कोण, कुठे आणि कशानिमित्त, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे पुरेत. जुना फोटो स्कॅन केला असेल, तर मूळ सालही आपणच घालावे. यंत्र स्कॅनचीच तारीख धरून बसते.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठवला की या नोंदी गळून पडतात. म्हणून मूळ प्रत जपावी. उलट, चारचौघांत फोटो मांडताना घराचा ठावठिकाणा मात्र आधी काढून टाकावा.

दिवाळीत घरची वडील मंडळी एकत्र जमतात. फराळ आटोपला की त्यांच्यापुढे फोटो ठेवा आणि नावे विचारून घ्या. यंत्र पुढल्या वर्षीही मिळेल. चेहरे ओळखणारे डोळे मिळतीलच असे नाही.