आईच्या गाठोड्यातलं वजन

पुसेगाव म्हटलं की महाराष्ट्रात बहुतेकांना साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या रथाचं पुसेगाव आठवतं. मी सांगतोय ते पुसेगाव वेगळं. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातलं. आजूबाजूला सोयाबीन, हळद, तूर आणि कापूस. संत नामदेवांचं नरसीही याच जिल्ह्यात, म्हणजे शिंप्याच्या घरातल्या संताचा हा मुलूख. कपड्यांच्या धंद्यातल्या बालमजुरीबद्दल लिहायचं तर लेखक सहसा ढाक्यापासून किंवा तिरुपूरपासून सुरुवात करतात. मला पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या झाडापासून करायची आहे, कारण ज्या टोकाला कुणी तपासायला जात नाही ते टोक इथं आहे.

दिवाळी अंक तुमच्या हातात पडतो त्या सुमाराला कापूसपट्ट्यात वेचणी चालू झालेली असते. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या भागात पहिल्या वेचणीला सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बायका ओळीनं तासात शिरतात. जुन्या लुगड्याची ओटी कमरेला बांधलेली. फुटलेल्या बोंडातला कापूस पाचही बोटांनी एकदम ओढायचा, पाचोळा लागू द्यायचा नाही, किडकी कवडी वेगळी ठेवायची. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात आणि नखांच्या कडेला रुततात. ओटी भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिकामी करायची. कापूस चांगला फुटलेला असेल तर कसलेली बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो वेचते. संध्याकाळी काटा लागतो. ज्याच्या-त्याच्या गाठोड्याचं वजन वहीत नावापुढे मांडलं जातं आणि मजुरी किलोवर मिळते. अलीकडच्या हंगामांत हा दर बहुतेक ठिकाणी किलोला आठ ते बारा रुपयांच्या आत-बाहेर असतो.

आता त्या वहीकडे नीट पाहा. तिच्यात बाईचं नाव आहे आणि किलो आहेत. शाळेला सुट्टी आहे म्हणून, किंवा सुट्टी नसूनही, तिच्याबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या मुलीनं खालच्या फांद्यांचा जो आठ-दहा किलो कापूस वेचला, तो आईच्याच गाठोड्यात गेला. वहीत ती मुलगी नाही. शेतकऱ्यानं तिला कामावर लावलेलं नाही, तिला पैसे दिलेले नाहीत, आणि उद्या कुणी चौकशीला आलं तर तो खोटंही बोलणार नाही. किलोवर मजुरी ठरली की मूल आपोआप अदृश्य होतं. रोजंदारी असती तर निदान हजेरी मांडताना डोकी मोजावी लागली असती.

कायदा काय म्हणतो? १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवायला बंदी आली आणि १४ ते १८ या वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांत मनाई झाली. ही चांगली गोष्ट. पण त्याच दुरुस्तीत एक खिडकी उघडी राहिली: शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मूल आपल्या कुटुंबाला, कुटुंबाच्या धंद्यात, धोका नसलेल्या कामात मदत करू शकतं. स्वतःच्या दोन एकरांत सुट्टीत ओटी बांधणारी पोर यात बसते, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही त्यात गैर वाटणार नाही. मलाही वाटत नाही. दुसऱ्याच्या शेतात आईची मजुरी वाढवणारी पोर मात्र त्यात बसत नाही. धुऱ्यावर उभं राहून या दोघींतला फरक ओळखून दाखवा!

२०११ च्या जनगणनेत ५ ते १४ या वयोगटातली १ कोटीवर मुलं देशभरात काम करताना नोंदली गेली. वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारी, म्हणजे ‘मुख्य’ कामगार, ४३.५३ लाख होती, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा ४.९७ लाखांचा, उत्तर प्रदेशाखालोखाल. वेचणीपुरती शेतात येणारी मुलं या ‘मुख्य’ आकड्यात येतच नाहीत. जगाचा हिशेबही शेताकडेच बोट दाखवतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात १३.८ कोटी मुलं कामाला जुंपलेली आहेत आणि त्यांतली ६१ टक्के शेतीत.

कारखान्याच्या दारापर्यंत कायदा येतो आणि शेताच्या बांधाशी थबकतो, ही सवय जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत सात-आठ वर्षांची पोरं राबत होती तेव्हा १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास, एवढीच त्याची माया. त्यातही कायदा लागू होता तो शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. कापसातली सरकी काढणारी जिनं हंगामापुरती चालत, म्हणून ती निसटली. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांबद्दल साक्षी झाल्या: पहाटे चार-पाचला सुरू झालेलं काम रात्रीपर्यंत, घाईच्या दिवसांत रात्रंदिवस, आणि काम करणाऱ्या बहुतेक बाया. त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवत होते, सरकारकडे अर्ज करत होते. रविवारची सुट्टी १८९० साली त्यांच्या चळवळीनंच मिळवली. १८९१ च्या सुधारणेत मुलांचं किमान वय नऊ झालं.

या कायद्यांना इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा जोरदार पाठिंबा होता, हेही सांगून टाकतो. मुंबईचा स्वस्त माल त्यांना डोईजड होऊ लागला होता. करुणा आणि व्यापार एका गाडीत बसले की गाडी वेगानं धावते, पण ती व्यापाराच्या गावालाच थांबते. आज युरोप-अमेरिकेतून येणारे पुरवठा साखळीचे नियम वाचताना मला लँकेशायर आठवतं. ते नियम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना दिसतं तेवढंच ते तपासतात, एवढंच.

दिसणाऱ्या टोकाला काय-काय सापडलं? २००५ मध्ये मुंबईत जरीच्या एका कारखान्यात लहान मुलाचा मारहाणीत मृत्यू झाला, तेव्हा धाडी पडल्या आणि शेकडो मुलं बिहारला परत गेली. २००७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’नं दिल्लीतल्या एका कोंदट खोलीत गॅप या ब्रँडच्या लहान मुलांच्या कपड्यांवर कशिदा काढणारी मुलं दाखवली. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना निघाली. गरीब घरच्या पोरींना तीन वर्षं वसतिगृहात ठेवून काम करून घ्यायचं आणि मुदत संपली की लग्नासाठी एकरकमी पैसे द्यायचे. मुदतीच्या आत आजारी पडलेल्या पोरीच्या हातात बहुधा काहीच पडत नसे. नाव मात्र सुमंगली!

मुलांच्या या राबण्यात निर्वासितांचीही एक कथा आहे, ती तुर्कस्तानातली. सीरियातलं युद्ध भडकल्यावर तिथं ३५ लाखांवर सीरियन येऊन राहिले. तुर्कस्तान हा युरोपचा मोठा शिंपी. युरोपात मागणी बदलली की दोन-तीन आठवड्यांत माल पोचवणारा. सीरियनांना कामाचा परवाना मागायची सोय २०१६ च्या जानेवारीत झाली, पण अर्ज मालकानं करायचा, आणि एका कारखान्यात स्थानिकांच्या दहा टक्क्यांहून जास्त सीरियन ठेवायचे नाहीत. त्यामुळे बहुतेकांना बिनकागदाचंच काम मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बीबीसीच्या ‘पॅनोरमा’नं इस्तंबूलमध्ये छुपं चित्रण केलं. मार्क्स अँड स्पेन्सर, एसॉस अशा ब्रिटिश ब्रँडच्या कपड्यांवर सीरियन मुलं काम करताना दिसली. एसॉसचे कपडे शिवणारा कारखाना तर ब्रँडच्या यादीत नव्हताच. यादीतला कारखाना काम दुसऱ्याला उक्तं देतो, तो तिसऱ्याला, अशी ही रीत.

आपल्याकडे निर्वासित आणि कपडे यांची गाठ पडली ती उल्हासनगरात. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी उतरवले गेले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी तिथं नव्या गावाची कोनशिला बसवली. पुढं हेच गाव जीन्सच्या शिलाईचं मोठं केंद्र झालं. इथं लक्षात घ्यायचं ते एवढंच की सिंधी माणूस मजुराचा मालक होऊ शकला, कारण त्याला या देशाचा नागरिक मानलं गेलं. कागद असलेला निर्वासित आणि कागद नसलेला निर्वासित यांची नशिबं अशी फाकतात.

आणि देशातच परके झालेले? दिवाळी उरकली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. विदर्भ-खानदेशात वेचणीला मध्य प्रदेशातून आदिवासी कुटुंबं येतात. मुलाचं नाव एका गावच्या हजेरीपटावर आणि मूल दुसऱ्या जिल्ह्यातल्या पालावर. कायद्याच्या भाषेत हे निर्वासित नाहीत. शाळेच्या दृष्टीनं काय आहेत ते गुरुजींना विचारा.

आता पुन्हा शेताकडे. कापसाच्या आधी बियाणं. १९७० मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा जगातला व्यापारी लागवडीचा पहिला संकरित कापूस काढला आणि हाताचं काम अफाट वाढलं. संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, कळी-कळीला, दोन-तीन महिने. दावुलुरी वेंकटेश्वरलू यांनी आंध्र, गुजरात इथल्या बीजोत्पादनाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला तेव्हा तिथं मोठ्या संख्येनं मुली राबत होत्या. लहान बोटं चपळ असतात, हे कारण सांगायला सोपं. खरं कारण त्यांनी मांडलं ते पैशाचं: कंपनी बियाण्याला जो भाव देते त्यात मोठ्या माणसाची मजुरी बसत नाही.

वेचणीलाही हाच हिशेब लावून पाहू. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते. घट-तूट धरून एका टी-शर्टला दोनशे ग्रॅम रुई धरली, तर कापूस लागतो सहाशे ग्रॅमच्या आसपास. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावानं, म्हणजे क्विंटलला ८,११० रुपयांनी, त्याचे ४९ रुपये होतात, तेही हमीभाव मिळाला तर. त्यात वेचणारीचे सहा रुपये. हे सहाचे बारा झाले तर दुकानातल्या पाचशे-सहाशेच्या टी-शर्टला कळणारही नाही. पण शेतकऱ्याला क्विंटलमागे हजार रुपयांचा खड्डा पडेल, आणि बोंडअळी, फवारणी यांनी तो आधीच गळ्याशी आलेला आहे. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांशी माझं पटत नाही.

मग बहिष्कार हा उपाय? उझबेकिस्तानात सरकारच शाळा बंद करून मुलांना वेचणीला पाठवत असे. जगातल्या तीनशेवर ब्रँडनी तो कापूस नाकारला, मुलांची आणि पुढं मोठ्यांचीही सक्ती थांबली, आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. तिथं हुकूम देणारा एक होता. सेनगाव तालुक्यात कुणाचा हुकूम नाही, म्हणून बहिष्कारानं इथं फक्त भाव पडेल आणि आणखी पोरं तासात शिरतील.

कापूस महामंडळाच्या गाठीवर, म्हणजे १७० किलोच्या रुईच्या गठ्ठ्यावर, आता क्यूआर कोड असतो. कोणत्या केंद्रावर खरेदी झाली, कोणत्या कारखान्यात गाठ बांधली, रुईची प्रत काय, हे त्यावरून कळतं. वेचणीचा दर काय होता आणि शेतात डोकी किती होती, हे त्यात नाही. ते त्यात यायला हवं, आणि वेचणीची मजुरी हमीभावाच्या हिशेबात प्रामाणिकपणे धरली जायला हवी. ब्रँडना खरोखरच लाज वाटत असेल तर त्यांनी जिनिंगला द्यायच्या भावात तो फरक मोजावा.

तोवर गावाच्या हातात दोन गोष्टी आहेत. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. त्यासाठीचं सर्वेक्षण आणि प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीनं टोळ्या निघायच्या आधी, म्हणजे दिवाळीपूर्वीच मार्गी लावले तर मूल आजीजवळ राहून शिकतं. जानेवारीत मंजुरी आली तर ती कागदावरच राहते. आणि सुट्टी असो वा नसो, एखादं मूल मजुरीवर दिसलं, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि फोनला पैसे पडत नाहीत.